कल्हईवाल्याची पेटी

माझी ओळख करून देताना लोक तीन शब्द ठरलेल्या क्रमानं वापरतात. आधी पत्रकार, मग बंडखोर, मग आमदार. व्यासपीठावर बसून मी हे बऱ्याचदा ऐकलं आहे. बंडखोर म्हणजे मी नेमकं काय करत होतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी भांड्यांना कल्हई करत होतो. पावणेदोन वर्षं, पूर्णा नदीच्या दोन्ही काठांच्या गावांत, खांद्यावर कोळशाचं पोतं घेऊन.

हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात विलीन झालं तेव्हा मी तिशीच्या आत होतो. परभणीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर मातीच्या छताच्या एका माळवदाच्या खोलीत माझा छापखाना होता. पायानं चालवायचं एक मशीन, अक्षरांच्या खिळ्यांचे आठ-दहा खण आणि मी. दर गुरुवारी आमचं चार पानी साप्ताहिक निघायचं. माझं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. मराठी मी पुस्तकांतून शिकलो होतो आणि पुस्तकांसारखीच लिहीत होतो. ‘सांप्रत’, ‘तद्वत्’ आणि ‘किंबहुना’ हे माझे लाडके शब्द. अग्रलेख लिहून झाला की मी तो बायकोला वाचून दाखवायचो. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, छान झालाय म्हणायची आणि मग हे खेड्यात कुणाला कळणार, असं विचारायची. मी म्हणायचो, कळेल हळूहळू.

विलीनीकरणाचा आनंद आम्ही पोटभर केला. पेढे वाटले, साप्ताहिकाचा अंक लाल शाईत काढला. पण पुढच्या काही महिन्यांत खेड्यांतून माणसं छापखान्यात येऊ लागली. कुणाच्या दोन पिढ्या ज्या रानात राबल्या, ते रान मालकानं एका सकाळी सोडायला सांगितलेलं. कुणाच्या खळ्यावरून सरकारच्या सक्तीच्या लेव्हीची ज्वारी घरात खायला उरणार नाही इतकी उचलून नेलेली. मी हे सगळं छापत होतो. अशाच एका गावी बातमी आणायला गेलो. पूर्णेच्या काठचं गाव. तिथं एका कुळाला मालकानं रानातून काढलं होतं. मी ज्या डाव्या पक्षाचा सभासद होतो, त्याची दोन-तीन माणसं तिथं आधीच येऊन थांबली होती. त्या घरची कर्ती बाई पन्नाशीची, तिला सगळं गाव आत्या म्हणायचं. तिनं माझं सगळं विचारणं ऐकून घेतलं, माझ्या वहीकडं पाहिलं आणि म्हणाली, “लिवून झालं आसंल तर चाडं धरायला चला. उद्या पेरायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आजूबाजूच्या गावांतून तीस तिफणी त्या रानात उतरल्या. बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरांचा असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. बी सोडायचं चाडं आत्यानं खरोखरच माझ्या हाती दिलं. माझ्या मुठीतून ज्वारी कुठं ढिगानं पडली, कुठं पडलीच नाही. पुढं पीक उगवल्यावर मी पेरलेलं तास दुरूनसुद्धा ओळखू यायचं, असं मला नंतर सांगण्यात आलं. दुपारपर्यंत सगळं रान पेरून झालं. सगळ्यांनी बांधावर बसून भाकरी आणि वाटलेली मिरची खाल्ली. मालकाची माणसं दूर उभी राहून पाहत होती. मी वही उघडलीच नाही. इतका आनंद मला एकही अग्रलेख लिहून झाला नव्हता.

आठ दिवसांत छापखान्याला सील लागलं आणि माझ्या नावाचं वॉरंट निघालं. पक्षावर आधीच बंदी होती. सोबत्यांनी सांगितलं की आता घरी राहता येणार नाही, गावांत राहायचं, बातम्या गोळा करायच्या आणि आमच्या चोरट्या पत्रकासाठी लिहायचं. पण माझ्यासारखा माणूस खेड्यात लपणार कसा? गोरा, सडपातळ, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, आणि तोंडात ‘किंबहुना’.

यावर तोड काढली ती आमच्या शेजारच्या गल्लीतल्या कल्हईवाल्या चाचांनी. पोलीस कारवाईनंतरच्या वाईट दिवसांत त्यांच्या मुसलमान गल्लीत दंगलीच्या भीतीनं दारं उघडत नव्हती, तेव्हा आम्ही चार मित्र गल्लीच्या तोंडाशी पहाऱ्याला बाजा टाकून बसलो होतो. तेवढ्यावरून चाचा मला आपला माणूस समजत. वय साठीचं, गुडघे दुखणारे. गावोगाव फिरायला त्यांना कुणीतरी सोबतीला हवंच होतं. ते बायकोला येऊन म्हणाले, “एडिटर साब कू मैं ले जातूं. कल्हई वाले कू कोन पूछता?” बायकोनं मला विचारायच्या आधीच हो म्हटलं.

चाचा गावात सांगायचे की हा माझा शागीर्द, बिदरकडचा, बोलतो कमी. चष्मा मात्र काढावा लागला. चष्मेवाला कल्हईवाला कुणी पाहिला होता? तो मी फडक्यात गुंडाळून कल्हईला लागणाऱ्या नवसागराच्या डब्यात ठेवला. त्यानंतर मला हातभर अंतरापलीकडचं जग धुक्यातलं दिसू लागलं.

काम शिकायला गंमत वाटली. जमिनीत लहानसा खड्डा करायचा, त्यात भात्याची नळी पुरायची, वर कोळसे पेटवायचे. भांडं आधी वाळूनं घासून लख्ख करायचं. मोठं पातेलं असलं तर त्यात उभं राहून, भिंतीला हात टेकून, पायांनी गरगर फिरायचं. मी पातेल्यात उतरलो की गावातली सगळी पोरंटोरं गोळा व्हायची आणि बायका पदर तोंडाशी धरायच्या. मग भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, आणि त्या धुरात कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं सरसर पुसून घ्यायचं. काळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं व्हायचं. चाचा म्हणायचे, “हात हल्का रक्खो मियाँ. बर्तन कू मारते नै, मनाते.” माझा हात हलका झाला, पण नजर कुठून आणणार? माझ्या भांड्यांत एखादा कोपरा हटकून कोरा राहायचा.

बातम्यांसाठी मात्र याहून चांगली जागा नव्हती. कल्हईच्या भट्टीशी बायका भांडी घेऊन तासतासभर बसतात आणि तिथं सगळं गाव बोललं जातं. कुणाचं रान सुटलं, कुणाला चावडीत बसवून ठेवलं, लेव्हीच्या मापात कुणाचा हात चालतो, सगळं. माझा पत्रकाराचा स्वभाव काही केल्या सुटत नव्हता. मी भाता मारता मारता विचारायचो, मग तलाठ्यानं काय लिहून घेतलं? माप कुणाच्या घरचं होतं? चाचा खोकून इशारा करायचे. बायका उत्तरं द्यायच्या. आठवड्यातून एकदा हे सगळं कागदावर उतरून कोळशाच्या पोत्याच्या तळाशी जायचं आणि तिथून पुढं.

बायकोची आणि माझी भेट महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, कुठल्यातरी आठवडी बाजारात व्हायची. ती शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी छोट्या रेल्वेगाडीनं किंवा मोटारीनं यायची, डोक्यावरून पदर घेऊन, हातात पितळेचं पातेलं. पहिल्यांदा आली तो गंगाखेडचा बाजार होता. भट्टीभोवती सहा-सात बायका बसलेल्या. ती त्यांच्यात येऊन बसली आणि मोठ्यानं सुरू झाली. मागच्या वेळची कल्हई पंधरा दिवस टिकली नाही. घरी सासू बरी आहे म्हणून निभावलं, नाहीतर तिनं कुणाला सोडलं नसतं. शाळेत आता आपल्याला वरचा वर्ग दिलाय, तेव्हा घासत बसायला वेळ कुठं आहे? मला एका दमात सगळी खबर मिळत होती. आई बरी आहे. हिची बढती झाली आहे. मी मान खाली घालून भाता मारत होतो आणि हसू येऊ नये म्हणून धुरात तोंड धरत होतो. ती बोलतच राहिली. माणसानं जेवणाच्या वेळा पाळाव्यात, इतकं वाळू नये, वाळलेल्या माणसाच्या हातात जोर कुठून येणार.

शेजारी बसलेली एक म्हातारी बराच वेळ आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहत होती. शेवटी तिनं माझ्या बायकोला हळूच विचारलं, “नवरा हाय का गं तुझा?”

बायकोनं पदर पुढं ओढला. चाचांचा हात थांबला. म्हातारी म्हणाली, “न्हाई, आसं तर आपल्याच नवऱ्याला बोलत्यात, मनून इचारलं.” मग सगळ्याच बायका हसायला लागल्या. एकीनं माझ्या बायकोला आपल्या जागेवर, भट्टीच्या जवळ, सरकवून घेतलं. बाकीच्या उठल्या आणि आम्ही जरा बाजार करून येतो, भांडी इथंच राहू द्या, असं सांगून निघून गेल्या. चाचांनाही तेवढ्यात विडी आठवली. भर बाजारात, दुपारच्या उन्हात, आम्ही दोघं अर्धा तास बोलत बसलो. काय बोललो ते आठवत नाही. तिनं पदरात बांधून आणलेल्या करंज्या होत्या. त्या मी कोळशाच्या काळ्या हातांनी खाल्ल्या.

आता जमादाराची गोष्ट. एका मोठ्या गावात पोलिसांचं ठाणं होतं आणि तिथल्या जमादाराच्या घरची भांडी आम्ही केली होती. नको म्हटलं असतं तर संशय आला असता. पंधरा दिवसांनी शेजारच्या गावी आमची भट्टी पेटलेली असताना एक शिपाई सायकलवरून आला आणि आम्हा दोघांना चला म्हणाला. चाचांनी निखारे विझवले. वाटेनं मी मनातल्या मनात कबुलीजबाब तयार करत होतो. त्यात दोनदा ‘सांप्रत’ आलं होतं.

ठाण्यात पोचल्यावर कळलं की जमादाराच्या घरच्या कढीच्या पातेल्याला तळाशी कल्हईच नव्हती. आंबट कढी पितळेला लागून हिरवी पडली होती आणि जमादाराला दोन दिवस रजा घ्यावी लागली होती. तो भयंकर संतापलेला होता. सरकारी माणसाच्या पोटाशी खेळता काय, असं ओरडून त्यानं हुकूम सोडला की घरातली झाडून सगळी भांडी पुन्हा करायची, आणि ती होईपर्यंत हलायचं नाही. मग तो शिपायाला घेऊन चौकशीला निघून गेला. पूर्णेकाठच्या गावांत एक पत्रकवाला हिंडतोय अशी खबर होती, त्याच्या चौकशीला.

ठाण्याच्या मागच्या अंगणात, त्याच्या घराच्या दाराशी, आम्ही भट्टी लावली. आतून त्याची बायको एकेक भांडं आणून ठेवत होती. तिशीतली असेल, शांत चेहऱ्याची. मी कढीचं पातेलं हातात घेतलं आणि नाकाला टेकेल इतकं जवळ धरून पाहू लागलो. ती दारात उभी होती. माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे वण होते. ते वर्षभरात कोळशानंसुद्धा बुजले नव्हते.

“चष्मा घालून करा,” ती म्हणाली. “इथं कुणी न्हाई.”

मी चाचांकडं पाहिलं. चाचा आभाळाकडं पाहत होते. मी म्हटलं, बाई, माझ्याकडं कुठला चष्मा. ती म्हणाली, “भांडी नीट झाली पायजेत. बाकीचं मला काय करायचंय?” आणि आत निघून गेली.

मी नवसागराचा डबा उघडला. चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वर्षभरात पहिल्यांदा मला माझं काम दिसलं. कथील कसं वितळतं, कडेनं कसं चढतं, बोळा कुठं चुकतो. चाचांनी या कलेत आयुष्य का घालवलं ते मला त्या अंगणात समजलं. तांबडं ऊन, लिंबाचं झाड, आणि ओळीनं मांडलेली चकाकती भांडी. सतरा भांडी झाली, एकाही भांड्यात कोरा कोपरा नव्हता. चाचा एकेक भांडं उचलून आत डोकावत होते आणि खाली ठेवत होते. शेवटच्या भांड्याला ते म्हणाले, “अब तुम शागीर्द नै रहे.” मला विधानसभेची जागा मिळाली तेव्हासुद्धा एवढं बरं वाटलं नाही.

निघताना जमादाराच्या बायकोनं आम्हाला ताक दिलं. तिच्या भावाचं रान सुटलं होतं आणि त्याची बातमी मी साप्ताहिकात छापली होती, हे मला फार पुढं कळलं. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली की भांडी सुरेख झाली, आता वर्षभर यायची गरज नाही. मी त्याचा अर्थ बरोबर घेतला. त्या गावाकडं आम्ही पुन्हा फिरकलो नाही.

पुढं पक्षावरची बंदी उठली, वॉरंटं मागं घेतली गेली आणि पहिली मोठी निवडणूक जाहीर झाली. मी घरी आलो, गरम पाण्यानं तीनदा अंघोळ केली, तरी नखांतला काळा रंग निघाला नाही. पक्षानं मला आमच्या भागातून हैदराबादच्या विधानसभेसाठी उभं केलं. समोरचा उमेदवार मोठ्या घरचा होता, त्याच्याकडं मोटारगाडी होती. आमच्याकडं दोन सायकली आणि एक बैलगाडी.

प्रचाराची पहिली सभा आत्याच्या गावी, पारावर. मी धुतलेलं धोतर, चष्मा आणि टोपी घालून उभा राहिलो. सोबत्यांनी लाल बावटा लावला. मी भाषण लिहून आणलं होतं. सांप्रत देश एका संक्रमणावस्थेतून जात असून, असं पहिलं वाक्य झालं आणि बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली. मी दुसरं वाक्य सुरू केलं, तशी एक बाई पातेलं घेऊन पुढं आली आणि ते माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, “आधी ह्याचं बोला. साच म्हैन्यात गेली की कल्हई.”

हसण्याचा असा गडगडाट उठला की पारावरची पाखरं उडाली. पेरणीला आलेला चष्मेवाला एडिटर गावाला ठाऊक होता, पण कोळशानं माखलेला कल्हईवाला तोच, हे कुणाला कळलं नसेल असं मला वाटलं होतं. मी गोंधळून विचारलं की तुम्हाला कसं कळलं. आत्या खाली बसली होती, तिथूनच म्हणाली, “कळायचं काय त्यात? आमाला पह्यल्या दिवशीच कळलं होतं. कल्हईवाला कधी लेव्हीचं माप इचारतो का?”

मग एकेक जण सांगू लागला. कुणी म्हणालं, तुम्ही बिदरकडचे म्हणून सांगितलं आणि बोलताना ‘कृपया’ म्हणालात. कुणी म्हणालं, पातेल्यात नाचताना तुम्ही पडला असता म्हणून आमच्या पोरानं कायम मागं उभं राहायचं, असं आम्ही ठरवूनच ठेवलं होतं. शिपाई गावात शिरले की पाणवठ्यावरची बाई घागर वाजवायची आणि दुसरी मला लांबच्या आळीत भांडी आहेत म्हणून घेऊन जायची. मी समजत होतो धंदा चांगला चाललाय. पावणेदोन वर्षं मी या लोकांपासून लपतोय असं मला वाटत होतं, आणि तेच मला लपवत होते. हसणं इतकं चाललं होतं की रडायला जागाच नव्हती.

लिहिलेलं भाषण मी खिशात घातलं. चाचांना बोलावणं पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून आमचा प्रचार असा चालला की गावात शिरलं की आधी भट्टी पेटायची. चाचा भाता मारायचे, मी चष्मा घालून कल्हई करायचो आणि काम करता करता बोलायचो. कुळाचा हक्क म्हणजे काय, लेव्ही कुणाकडून किती घ्यायला हवी, शाळा किती लांब आहे. समोर कागद नसल्यामुळं वाक्यं आपोआप लहान झाली. बायका मधेच अडवायच्या, मी उत्तर द्यायचो, एखादीला ते पटायचं नाही, मग ती दुसरीशी भांडायची. सोबत्यांपैकी एक जण आधी नाराज होता. त्याच्या मते यानं पक्षाची शान जात होती. आठव्या दिवशी तोही कथील कापून द्यायला बसला.

मतदानाच्या दिवशी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असायचं. आम्ही चिन्ह घरोघर दाखवलं होतं, पण कितीतरी बायकांनी ते लक्षात ठेवायची तसदी घेतली नाही. त्या केंद्रावर जाऊन सरळ विचारायच्या की कल्हईवाल्याची पेटी कंची. अधिकारी बिचारे हैराण झाले. सांगितलं तर नियम मोडतो, न सांगावं तर बाई हलत नाही. आत्यानं तर पडद्याआड गेल्यावर आतून मोठ्यानं सांगितलं की सापडली, आता कुणी काळजी करू नका. एका अधिकाऱ्यानं नंतर मला भेटून सांगितलं की एवढं हसू आलेलं सरकारी काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

मतमोजणी परभणीत झाली. मी निवडून आलो. आवारात गुलाल उडाला, ताशे वाजले. चाचांना कुणीतरी खांद्यावर घेतलं आणि ते वरून ओरडत होते की गुडघा संभाळा. बायको गर्दीत बाजूला उभी होती. मी तिच्यापर्यंत पोचलो तेव्हा ती म्हणाली की टोपी वाकडी झालीय.

हैदराबादला आम्हाला राहायला दोन खोल्या मिळाल्या. बायको शाळेची रजा काढून काही दिवस आली. विधानसभेत चार भाषा चालायच्या, मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू, वर इंग्रजी. मला उर्दू येत असल्यामुळं मंत्र्यांना त्यांच्याच लखनवी ढंगात अडचणीत आणता यायचं, याची मला थोडी घमेंडही आली. माझ्या पहिल्या प्रश्नावर मात्र सभागृह हसलं. आमच्या भागातल्या एका सरकारी वसतिगृहातल्या पितळी पातेल्यांना शेवटची कल्हई कधी केली, असं मी विचारलं होतं. पक्षाच्या पुढाऱ्यांनी कपाळाला हात लावला. ते माझ्याकडून जमीनदारांवरच्या हल्ल्याची वाट पाहत होते. मंत्र्यांनी माहिती मागवतो म्हणून सांगितलं. महिनाभरात तिथल्या सगळ्या भांड्यांना कल्हई झाली. कुळांचा प्रश्न मी दुसऱ्याच दिवशी विचारला, तेव्हा कुणी हसलं नाही.

चाचांना मी एकदा अधिवेशन दाखवायला नेलं. शेरवानी घालून आले होते. वरच्या सज्जात बसले, तासाभरात त्यांचा डोळा लागला. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? ते म्हणाले, “सब अच्छा बोलते. बैठने कू कुर्सी बी अच्छी है.” मग आम्ही चारमिनारला गेलो, बिर्याणी खाल्ली आणि त्यांनी नातीसाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या. चार दुकानांत घासाघीस करून ते इतके खूश झाले की परतीच्या गाडीत परभणी येईपर्यंत त्याच बांगड्यांची गोष्ट सांगत होते.

आत्याच्या रानाचा निकाल लागायला तीन वर्षं लागली. कचेरीत खेपा झाल्या, कागद हरवले, पुन्हा सापडले. शेवटी कूळ म्हणून तिच्या घरचं नाव लागलं तेव्हा मी अधिवेशनात होतो. माझ्यासाठी तिनं गावच्या माणसाबरोबर हुरड्याची कणसं पाठवली. आम्ही ती विधानसभेच्या बागेत शेकोटी करून भाजली. माळ्यानं हटकलं, मग तोही बसला. तेलुगू आमदारांनी हुरडा पहिल्यांदा खाल्ला आणि दाणे चोळायला त्यांना मराठी आमदारांनी शिकवलं. पक्ष कुणाचा कोणता ते अर्धा तास कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

भाषावार प्रांत झाले आणि ते सभागृह तीन राज्यांत वाटलं गेलं. शेवटच्या दिवशी वेगवेगळ्या बाकांवरची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पुढच्या निवडणुकीत मी पडलो. फार नाही, थोड्याच मतांनी. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दुसऱ्याच दिवशी मी छापखान्याची खोली झाडायला घेतली, आणि झाडता झाडता शीळ वाजवत होतो, असं बायको म्हणते. मशीनला तेल घातलं, खिळे रॉकेलनं धुतले, खणांत भरले. शाळा सुटल्यावर ती येऊन जुळणीला बसायची. अग्रलेख आता ती लिहायची, बातम्या मी.

पुन्हा सुरू केलेल्या साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात पूर्णेवर येलदरीला बांधत असलेल्या धरणाची मोठी बातमी होती. मी स्वतः दोन दिवस तिथं राहून ती आणली होती. शंभर प्रती छापून झाल्यावर बायकोनं एक उचलली, मथळा वाचला आणि मशीनवर डोकं टेकवून हसायला लागली. तिला बोलता येईना. मी कागद ओढून घेतला. ध च्या जागी व चा खिळा बसला होता आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापून आलं होतं, ‘येलदरीच्या वरणाचे काम जोरात’.

आम्ही मशीन थांबवलं नाही. सगळा अंक तसाच काढला. धान्याच्या मोंढ्यात, कचेरीत, स्टेशनवर, भेटेल तो आठवडाभर मला एकच विचारत होता, वरण कधी शिजणार, आणि फोडणी कुणाच्या हातची. त्या अंकाची एकही प्रत शिल्लक राहिली नाही.